चादरीआडची संघटना

संघटना कुठे आणि कधी स्थापन झाली, असा एक रकाना नोंदणीच्या अर्जात होता आणि आमचं घोडं तिथेच अडलं. कारण आमची स्थापनेची सभा कधी झालीच नव्हती. मी होतं ते लिहून टाकलं. "स्थळ: लाँड्रीचा घडीचा हॉल. वेळ: कामाच्या तासांत, दोघीदोघींनी, साधारण दोन वर्षं." खरं लिहिलं की काम होतं, असा माझा समज. माझ्या नवऱ्याच्या मते असा समज असलेली मी जगात एकटीच उरले आहे.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे येतात. धुणं मागच्या शेडमध्ये होतं. ती माणसं वेगळ्या ठेकेदाराची, त्यांची आमची ओळख ट्रॉली ढकलण्यापुरती. ओल्या चादरी गरम रोलरमधून सुकून, सपाट होऊन बाहेर येतात आणि मग दोघींनी दोन टोकं धरून घडी घालायची. पुढे यायचं, टोक द्यायचं, मागे जायचं, झटका मारायचा, परत पुढे यायचं. एका चादरीला चार वेळा समोरासमोर यावं लागतं आणि दर खेपेला एक वाक्य बोलून होतं. मागे जाताना विचार करायचा, पुढे आलं की उत्तर घ्यायचं. दिवसाला एका जोडीच्या तीनशे चादरी. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला आणखी काय हवं? हॉलमध्ये मला 'तोफ' म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

जेवणाची सुट्टी मात्र पाळीपाळीने. दोघी जेवायला गेल्या की बाकीच्या कामावर, म्हणजे रोलर थंड व्हायला नको. सगळ्या जणी एका वेळी एका जागी बसल्या आहेत, असं कधी घडलंच नाही. वर कुणाची फार गट्टी जमू नये म्हणून मॅनेजर साहेब दर सोमवारी जोड्या बदलायचे. ही त्यांची हुशारी आमच्या चांगलीच पथ्यावर पडली. सोमवारी एका जोडीत निघालेला विषय दीड-दोन महिन्यांत सगळ्यांच्या कानावरून फिरून परत यायचा.

विषय एकच होता, रोलरच्या तोंडावरची जाळी. हात आत जाऊ नये म्हणून ती बसवलेली असते. आमच्या रोलरची जाळी तीन वर्षांपूर्वी काढली, कारण तिच्यात धागे अडकायचे आणि काम मंदावायचं. ती परत बसवा म्हणून आम्ही प्रत्येकीने कधी ना कधी साहेबांना सांगितलं होतं. प्रत्येकीला साहेब एकच सांगायचे, की बाई, ही तुमच्या एकटीची तक्रार आहे, बाकी कुणी काही म्हणत नाही. सगळ्यांना एकच उत्तर मिळालंय हे आम्हाला चादरी घडी करता करताच कळलं. त्या दिवशी मी चादरीला असा काही झटका दिला की समोरचीच्या हातातून टोक सुटलं.

मग धाकलीचा हात गेला. धाकली म्हणजे आमच्यातली वयाने सर्वांत लहान. चादर सरळ करायला पुढे झाली आणि उजव्या हाताची चार बोटं रोलरने आत ओढली. हात वाचला, बोटं वाकडी राहिली. पाच महिने ती घरी आहे आणि तिचं नाव कंपनीने हजेरीपटावरून काढून टाकलं आहे.

माझा नवरा बस चालवतो, त्यांच्या डेपोत जुनी संघटना आहे. कोरा अर्ज त्याने तिथून आणून दिला आणि नियम समजावला. हजेरीपटावरच्या सात जणांनी सह्या करून अर्ज दिला की संघटनेची नोंदणी होते आणि मग कंपनीला आपल्यासमोर बसून बोलावं लागतं. तेव्हा कुणा एकटीची तक्रार राहत नाही. घडीवर आम्ही आठ जणी होतो, धाकली गेल्यावर उरलो सात. एकही इकडेतिकडे होऊन चालणार नव्हतं.

सहा सह्या हॉलमध्ये झाल्या. सातवी घरात घ्यायची होती, माझ्या मोठ्या जाऊबाईंची.

जाऊबाई आणि मी एकाच घरात राहतो, एकाच स्वयंपाकघरात वावरतो, एकाच हॉलमध्ये राबतो. मला या कामावर त्यांनीच लावलं. शांत बाई. हॉलमधल्या वाफेने त्यांची छाती भरते, दोन जिने चढल्या की भिंतीला हात लावून उभ्या राहतात. मी अर्जाचं काढलं की "बघू" म्हणायच्या. एका संध्याकाळी त्या भाजी चिरत असताना मी कागदच पुढे सरकवला. पुन्हा "बघू". माझं डोकं फिरलं. धाकलीचा हात डोळ्यांनी बघून आलात आणि तरी बघू म्हणता, असं मी म्हटलं, आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हटलं की सही करणार नसाल तर या घरात तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही, चूल वेगळी करा.

त्यांनी विळी बाजूला ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे मला दिसलं होतं. पण सात झाल्या होत्या ना, मग मी ते न दिसल्यासारखं केलं.

कंपनीने अर्जावर दोन हरकती घेतल्या. एक, सभाच झालेली नाही, तेव्हा संघटना अस्तित्वातच नाही. दोन, सह्या राजीखुशीच्या नाहीत. निबंधकांनी सगळ्यांना सुनावणीला बोलावलं. त्या दिवशी कंपनीला घडीचा हॉल अर्धा दिवस बंद ठेवावा लागला आणि रोलर थंड झाला. स्वतःच्या हरकतीपायी साहेबांनी आम्हा सात जणींना पहिल्यांदा एका बाकावर आणून बसवलं, याचं मला फार हसू येत होतं.

निबंधक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, सर्दीने बेजार. टेबलावर फायलींपेक्षा रुमालच जास्त. कंपनीचा वकील तरुण, चुणचुणीत. त्याने पहिल्या हरकतीसाठी साक्षीदार म्हणून आणला वजनदाराला.

वजनदार म्हणजे आमच्या हॉलमधला काट्यावरचा माणूस. घडी झालेल्या गठ्ठ्यांचं वजन करून चिठ्ठी लावायची, हे त्याचं काम. अंगाने असा की जोरात फुंकर मारली तर दारापर्यंत जाईल, म्हणून त्याचं नाव वजनदार. हॉलमध्ये खुर्ची असलेला तो एकटा, आणि खुर्ची नेमकी मॅनेजरच्या केबिनला लागून. अकरा वर्षं तिथे बसतो. काट्याजवळ गेलो की आम्ही आवाज खाली आणायचो. साहेबांचा कान, दुसरं काय! आता साक्षीला उभा राहिलेला बघून माझी खात्रीच पटली.

वकिलाने विचारलं, या बायकांची सभा भरलेली तुम्ही कधी पाहिली का? तो म्हणाला, नाही, दोघींच्या वर एका जागी कधी पाहिल्या नाहीत. वकील खूश झाला. निबंधकांनी विचारलं, मग दोघी दोघी काय करायच्या? घडी घालायच्या आणि बोलायच्या, तो म्हणाला. काय बोलायच्या? त्यावर वजनदार म्हणाला की माझं काम वजन करायचं आहे, आणि खाली बसला.

निबंधकांनी नाक पुसलं आणि खणातून एक लहानसं पुस्तक काढलं. पानं झिजलेली होती. राज्यघटना होती ती. ते वकिलाला म्हणाले, "हे बघा, शांततेने एकत्र जमण्याचा हक्क या ओळीत दिलाय. आणि संघटना करण्याचा हक्क तिच्या खालच्या ओळीत, स्वतंत्र आकडा घालून. दोन्ही एकच असतं तर लिहिणाऱ्यांनी दोनदा कशाला लिहिलं असतं? माणसं पत्रं लिहून संघटना करतात. या बायकांनी चादरी घडी करत केली. जमायला मिळालं नाही म्हणून संघटना झाली नाही, असं मला म्हणता येणार नाही."

पहिली हरकत फेटाळली गेली. मी शेजारणीचा हात इतका दाबला की तिने तो सोडवून घेतला. पण निबंधकांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी तीच ओळ पुन्हा बोटाने दाखवली आणि म्हणाले, हा हक्क ज्याचा त्याचा आहे. ज्याला संघटनेत यायचं नाही त्याला ओढून आणता येत नाही. म्हणून मी प्रत्येकीला विचारणार.

एकेकीला टेबलापाशी बोलावून ते विचारत गेले. सही तुमची? हो. राजीखुशीने केली? हो. माझ्यासकट सहा जणींचं झालं. शेवटी जाऊबाई उठल्या. तीन मजले चढून आल्यामुळे त्यांचा श्वास अजून लागत होता.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या, "पण मनाने केलेली नाही."

कुणी करायला लावली, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, घरातल्यांनी. नाव घेतलं नाही. पण वकिलाने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं.

निबंधकांनी मला पुन्हा उभं केलं. ते म्हणाले की सही खरी आहे हे या बाई कबूल करतात. घरात बोलणं झालं असेल तर त्याला जबरदस्ती म्हणत नाहीत. तुम्ही सांगा नक्की काय झालं. माणूस भला होता, मला वाट काढून देत होता. मागच्या बाकावरून माझा नवरा डोळ्यांनी खुणावत होता, की म्हण, नुसतं बोलणं झालं. तेवढं म्हटलं असतं की सात पूर्ण होते. जाळी बसली असती. उद्या आणखी कुणाची बोटं आत गेली नसती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि जाऊबाई खाली फरशीकडे बघत उभ्या होत्या, त्या संध्याकाळसारखंच माझ्याकडे न बघता.

"त्या खरं बोलतायत," मी म्हटलं. "चूल वेगळी करा म्हणून मी धमकी दिली होती. सही धमकीची आहे."

निबंधकांनी सातव्या नावावर रेघ मारली. उरलेल्या नावांवर अर्ज चालणार नाही, आठ दिवसांत सातवी सही आणा, नाहीतर अर्ज निकाली काढावा लागेल, असं सांगून त्यांनी फाइल बंद केली. बाहेर पडताना नवरा मला म्हणाला, तुझ्यापुढे हात टेकले. बाकीच्या पाच जणी माझ्याआधीच जिना उतरून गेल्या, आणि ते जास्त लागलं.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. सोमवारपासून जाऊबाईंची बदली कापडाच्या स्टोअरमध्ये झाल्याची चिठ्ठी आली. बसून काम, वाफ नाही. ती चिठ्ठी बघून माझ्या मनात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. विकल्या गेल्या, असंही आलं. पण तोंड उघडायचा हक्क मी स्वतःच घालवून बसले होते, म्हणून भांडी आपटण्यावर भागवत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच बोलले. चुकलं माझं, एवढंच. पुढचं वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते निघेना.

"चुकलं ते झालं," जाऊबाई म्हणाल्या. त्या चपात्या लाटत होत्या, हात थांबला नाही. "पुन्हा विचारणार असशील तर विचार, पण मी नाहीच म्हणणार आहे. ही खुर्ची मी सात महिन्यांपूर्वी मागितली होती, तुझ्या अर्जाच्या आधी. आता दिली त्यांनी. का दिली ते मलाही कळतं. पण मला श्वास हवाय गं. तुझ्या संघटनेचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही, आणि तिच्यात यावं असंही नाही."

मी बरं म्हटलं. बरं म्हणायला मला किती वेळ लागला ते त्यांनाच माहीत. सात होणं आता शक्य नाही, मी म्हटलं, हॉलमध्ये माणूसच उरलं नाही.

"वजनदाराला का नाही विचारलंस? तोही आपल्याच हजेरीपटावर आहे."

तो साहेबांचा माणूस आहे, मी म्हटलं. कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला एकही नाव सांगता येत नाही. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. एका चादरीवरून दुसऱ्या चादरीवर आम्हीच ते फिरवत आलो होतो.

"आपण सगळ्या दोघीदोघी," जाऊबाई म्हणाल्या. "त्याच्या समोर टोक धरायला कोण आहे? त्याच्यापर्यंत तुमची गोष्ट पोचणार कशी?"

दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या पाळीला मी डबा घेऊन काट्यापाशी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो एकटाच जेवत होता, गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांवर डबा ठेवून. मी रीतसर विचारलं. संघटनेत याल का, नको असेल तर सरळ नाही म्हणा, मला राग येणार नाही.

"येईल," तो म्हणाला.

येईल, पण मी गिळून टाकेन, असं मी म्हटलं. त्याने मान हलवली. मग सांगू लागला, सावकाश, जणू एकेक गठ्ठा काट्यावर ठेवतोय. आमचं सगळं बोलणं त्याला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. चादरीला झटका देताना माणूस मोठ्याने बोलतो आणि आपण हळू बोलतोय असं त्याला वाटतं. जाळीचं, सह्यांचं, सगळं त्याला ठाऊक होतं. एक शब्दही केबिनमध्ये गेला नव्हता. साक्षीच्या आधी साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने तेच उत्तर दिलं होतं, की माझं काम वजन करायचं आहे. मग तुम्ही स्वतः होऊन का नाही आलात, मी विचारलं.

"तुम्ही काट्याजवळ आलात की गप्प व्हायचात," तो म्हणाला. "मी समजलो, मी तुम्हाला नको आहे. धाकलीचा हात गेला त्या दिवशी रोलर कोणी बंद केला, हे तरी कधी कुणी विचारलंत का?"

रोलर बंद करायचं लाल बटण दाराशी होतं, काट्याच्या मागे. आम्ही सात जणी धाकलीला धरून ओरडत होतो आणि रोलर थांबला. तो आपोआप थांबला नसणार, हे पाच महिन्यांत एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला रडू आलं. मी तिथेच रडले, केबिनच्या काचेसमोर, आणि वजनदार बिचारा गोंधळून मला डोळे पुसायला चिठ्ठ्यांचा कागद देऊ लागला.

सही त्याने लगेच केली नाही. अर्जाला जोडलेली संघटनेची नियमावली घरी नेली, वाचली आणि एक दुरुस्ती सुचवली, की हॉलमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही कामावर असो, सभासद होता का असं संघटनेने स्वतः जाऊन विचारलं पाहिजे. बाकीच्यांना विचारून मी ते नियमांत घातलं. सहाव्या दिवशी त्याने सही केली. आठव्या दिवशी, शुक्रवारी, निबंधकांनी शिक्का मारला. वजनदाराचं नाव वाचून ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले आणि त्यांना नेमकी तेव्हाच शिंक आली.

मॅनेजर साहेबांशी बोलणं पुढच्या आठवड्यात ठरलं. त्याआधी आपली एक तरी खरी सभा व्हायला हवी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि रविवारी दुपारी आमच्या घरी यायचं ठरलं, कारण दुसरी जागा कुणाकडे नव्हती. वजनदार पहिला आला. कुठे बसावं ते त्याला कळेना, उभाच राहिला. मग बाकीच्या आल्या. पाठोपाठ धाकली आली. सभासद होता येत नसलं तरी पाहुणी म्हणून मी तिला बोलावलं होतं. डाव्या हाताने ती चपलांच्या रांगा नीट लावत बसली.

जाऊबाई पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. मी बाजारात जाऊन येते म्हणाल्या, तास-दोन तास लागतील. घर त्यांचं, सभा माझी, आणि त्या निघालेल्या, हे मला बघवेना.

"थांबा ना," मी म्हटलं. "आत बसा आमच्यात."

"सांगतेस का विचारतेस?"

"विचारते."

"मग नाही," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून हसत जिना उतरल्या.

राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. थोडा आला. मी दार लावलं, वजनदाराला खुर्ची दिली आणि सभा सुरू केली.